ग्रुप कुठे आणि ग्रुप केवढा: रायफल नेमबाजीत नव्याने आलेल्यांसाठी

आधी एक कोडं. दहा मीटरची एअर रायफल, शेजारीशेजारी उभे दोन नवशिके, प्रत्येकाला पाच छर्रे. एकीचे गुण ५० पैकी ३२, दुसऱ्याचे ३८. दोघांत बरं कोण मारतंय?

शिकायला लागले तेव्हा मी बेधडक ‘३८वाला’ म्हणाले असते. पण कागद जवळ आणून बघा. ३२वालीचे पाचही छर्रे मध्यापासून डावीकडे आणि वर एकमेकांना चिकटून बसलेत. ३८वाल्याचे चहूकडे पांगलेत: एक वर, एक खाली, एक उजवीकडे पार सहाच्या वर्तुळात. ती साईटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, दोन नॉब फिरवते आणि अगदी तसेच पाच छर्रे पुन्हा मारून ४८ गुण घेते. त्याच्याकडे फिरवायला काही नाहीच. त्याला पुढचे काही महिने घाम गाळायचा आहे.

हा फरक मला फार उशिरा कळला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

जवळ काय हवं

- एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे, छर्रे किंवा काडतुसं. डबा बदलला की निष्कर्षही बदलतात.
- कागदी टार्गेट, भरपूर. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तरी सुरुवातीला कागद मागून घ्या.
- मिलिमीटरची पट्टी. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम.
- वही आणि पेन्सिल.
- रायफल टेकवायला वाळूची पिशवी किंवा रेस्ट.
- साईटचे स्क्रू आवळायला योग्य मापाची ॲलन की.
- रायफलीसोबत आलेली माहितीपुस्तिका. बहुतेक जण ती कधीच उघडत नाहीत.
- डोळ्यांना आणि कानांना संरक्षण.

पुढचं सगळं रेंजवर, कोच किंवा रेंज अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीच करायचं. टार्गेट बघायला पुढे जाण्याआधी रायफल रिकामी, बोल्ट उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. मोजण्याच्या नादात हे विसरणारे मी पाहिलेत, म्हणून आधीच सांगून टाकते.

१. दोन प्रश्न वेगळे ठेवा

शास्त्राच्या पुस्तकांत यासाठी दोन शब्द आहेत. मारा हव्या त्या जागेच्या किती जवळ पडतो ती अचूकता, आणि एक मारा दुसऱ्याच्या किती जवळ पडतो ती परिशुद्धता. बोलताना आपण दोन्हीला ‘अचूक’च म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रेंजवर मला हे शब्द फारसे उपयोगी पडले नाहीत. उपयोगी पडले ते दोन प्रश्न (ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या भोकांचा पुंजका):

ग्रुप कुठे आहे?

ग्रुप केवढा आहे?

‘कुठे’चं उत्तर बहुतेक वेळा साईटमध्ये असतं आणि दोन मिनिटांत दुरुस्त होतं. ‘केवढा’चं उत्तर तुमच्या पायांत, श्वासात, बोटात, कधी छर्र्यांत, तर क्वचित रायफलीत असतं, आणि त्याला वेळ लागतो. ग्रुप मोठा असताना नॉब फिरवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि एखादा सुटा दहा? त्याने दोन्हीपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पांगलेल्या माऱ्यातला एखादा मधोमध जातोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

२. नॉबला हात न लावता दहा मारा

सगळ्यात कठीण पायरी हीच. दहा छर्रे, प्रत्येक वेळी नेम त्याच जागी, साईट जशी आहे तशी. मारा डावीकडे पडतोय हे दिसत असलं तरी ‘थोडं उजवीकडे धरू’ असं करायचं नाही. नेम सरकवला की पडलेल्या भोकात साईटची चूक किती आणि तुमची हातचलाखी किती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवातीला मी प्रत्येक माऱ्यानंतर नॉब फिरवायचे. मारा डावीकडे पडला की दोन क्लिक (नॉबचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक) उजवीकडे, पुढचा वर गेला की तीन खाली. सगळे म्हणायचे, मुलगी किती मेहनती! एके दिवशी कोचनी काही न बोलता दोन्ही नॉबांवर चिकटपट्टी लावली. त्या दिवशीचा ग्रुप त्या महिन्यातला सगळ्यात लहान निघाला.

यात जादू नाही, साधं गणित आहे. प्रत्येक मारा आपसूकच थोडा इकडेतिकडे पडणार. त्या योगायोगाच्या फरकाला चूक समजून तुम्ही दर वेळी पूर्ण दुरुस्ती केलीत, तर मागच्या माऱ्याची भटकंती पुढच्या माऱ्याच्या भटकंतीत मिसळते. अशाने पांग, म्हणजे माऱ्यांचा विखुरलेपणा, कमी होत नाही, उलट सुमारे १.४ पट होते. मी मेहनतीने ग्रुप मोठा करत होते.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर हा मोह दुप्पट, कारण प्रत्येक मारा लगेच स्क्रीनवर दिसतो. दहा होईपर्यंत स्क्रीन झाका. कुणी हसलं तर हसू द्या.

दहाच का, तीन का नाही? कारण मारे वाढतात तसा ग्रुपही वाढतो. तीन माऱ्यांचा ग्रुप सरासरी २० मिमी भरत असेल, तर त्याच हाताचा, त्याच रायफलीचा पाच माऱ्यांचा ग्रुप साधारण २५ आणि दहा माऱ्यांचा ३२ मिमीच्या आसपास भरेल. नेमबाज बिघडलेला नसतो, तीन माऱ्यांनी खरी पांग दाखवलेलीच नसते. त्यामुळे कुणी आपल्या ग्रुपची बढाई मारली की आधी विचारा, ‘किती माऱ्यांचा?’

३. ग्रुप मोजा, मग त्याचा मध्य काढा

नुसतं डोळ्यांनी बघून ‘बरा आहे’ म्हणायचं नाही.

केवढा आहे ते असं मोजा: सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. वहीत नेहमी हेच लिहा, नाहीतर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

कुठे आहे ते काढायला थोडी बेरीज लागते. प्रत्येक भोक मध्यापासून किती उजवीकडे किंवा डावीकडे, किती वर किंवा खाली, ते मिलिमीटरमध्ये लिहा आणि सरासरी काढा. सुरुवातीच्या कोड्यातली ३२वाली घेऊ. पाचच मारे आहेत, हिशेब सोपा पडेल.

- पहिला: डावीकडे ९, वर ५
- दुसरा: डावीकडे ६, वर ८
- तिसरा: डावीकडे ११, वर ७
- चौथा: डावीकडे ७, वर ४
- पाचवा: डावीकडे ७, वर ६

डावीकडची बेरीज ४०, भागिले पाच, म्हणजे ८. वरची बेरीज ३०, म्हणजे ६. ग्रुपचा मध्य ८ मिमी डावीकडे आणि ६ मिमी वर. मूळ मध्यापासून सरळ अंतर १० मिमी. आणि ग्रुपचा आकार? सगळ्यात दूरची दोन भोकं दुसरं आणि तिसरं, त्यांच्यात जेमतेम ५.१ मिमी. ग्रुप छोटा, पण पार भलतीकडे.

आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या दहा मीटर टार्गेटवर याचे गुण लावू. तिथे दहाचं वर्तुळ अवघ्या ०.५ मिमी व्यासाचं आहे, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत २.५ मिमीने वाढतं. पण छर्रा ४.५ मिमीचा असतो आणि त्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्र्याचा मध्य २.५ मिमीच्या आत असला की दहा, ५ मिमीच्या आत असला की नऊ, असं पुढे. या हिशेबाने तिचे गुण ६, ७, ५, ७, ७: एकूण ३२. हाच ग्रुप जसाच्या तसा उचलून मधोमध ठेवला तर १०, ९, ९, १०, १०: एकूण ४८. सोळा गुण साईटमध्ये अडकले होते.

आणखी एक आकडा काढायची सवय लावा. ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक भोक किती दूर आहे ते मोजा आणि त्याची सरासरी घ्या. याला सरासरी त्रिज्या म्हणू; इथे ती २.१ मिमी येते. टोकाची दोनच भोकं मोजली तर बाकीच्यांचं म्हणणं वाया जातं. सरासरी त्रिज्येत सगळ्या माऱ्यांचं ऐकलं जातं, म्हणून ती जास्त भरवशाची.

भरकटलेला एखादा मारा ‘फ्लायर’ म्हणून सोडून द्यायची फार इच्छा होते. सोडू नका. तो तुम्हीच मारलाय. त्याऐवजी प्रत्येक माऱ्यानंतर, टार्गेट बघायच्या आधी, तो कुठे गेला असेल ते बोला किंवा वहीत टिंब काढा. ‘तीनच्या दिशेला नऊ’ (घड्याळातल्या तीनकडे, नऊच्या वर्तुळात) असं तुम्ही म्हणालात आणि भोक तिथेच निघालं, तर चूक तुमची आणि ती तुम्हाला जाणवलीही. ही चांगली खूण आहे. तुम्ही ‘मधोमध’ म्हणालात आणि भोक दूर गेलं, तर छर्रा, वारा, सैल स्क्रू किंवा ट्रिगर सुटल्याबरोबर मान वर करायची घाई, यांच्याकडे बघा.

४. ग्रुप मोठा असेल तर त्याचा आकार वाचा

*उभा लांबट ग्रुप.* श्वास दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय, किंवा रायफलीचा दस्ता खांद्यात कधी वर, कधी खाली बसतोय. ५० मीटरवर काडतुसांचा वेग कमी-जास्त होत असेल तरी हेच दिसतं; दहा मीटरवर सहसा दोष आपलाच.

*आडवा ग्रुप.* ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातोय, किंवा अंगाचा नैसर्गिक रोख चुकलाय. उघड्या रेंजवर वारा हा पहिला संशयित.

*तिरपा किंवा कमानीसारखा ग्रुप.* रायफल दर वेळी वेगळी कलतेय. ती उजवीकडे कलली की मारा उजवीकडे आणि खाली जातो, डावीकडे कलली की डावीकडे आणि खाली. कल असणं हा गुन्हा नाही, पुष्कळ चांगले नेमबाज मुद्दाम थोडी कलती धरतात. पण ती दर वेळी तेवढीच हवी.

*एकाऐवजी दोन छोटे ग्रुप.* मध्येच काहीतरी बदललं. गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकला, पाय हलला, किंवा साईटचा स्क्रू ढिला आहे. स्क्रू आधी तपासा, त्याला अर्धा मिनिट लागतो.

*सगळीकडे सारखा पांगलेला ग्रुप.* हा नवशिक्याचा ग्रुप. इथे एकच कारण शोधत बसू नका. उभं राहण्यापासून सगळंच अजून बसायचं आहे.

नैसर्गिक रोख म्हणजे काय, तर स्नायूंनी ढकलाढकली न करता रायफल आपोआप जिकडे बघते ती दिशा. तपासायची रीत सोपी: पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. साईट टार्गेटच्या डावीकडे दिसली तर हाताने रायफल ओढू नका. पाय सरकवून अख्खं अंग वळवा. हाताने ओढून धरलेली रायफल ट्रिगर सुटताच जिथून आणली तिथे परत जाऊ पाहते, आणि थकव्याबरोबर हे वाढत जातं. माझ्या आडव्या ग्रुपपैकी बहुतेकांचं मूळ ट्रिगरमध्ये नव्हतं, डाव्या पायाच्या टाचेत होतं.

बाकीचा उपाय कंटाळवाणा आहे. ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या रायफलीवर तेच सगळं पुन्हा पुन्हा; पण त्यासाठी रायफलीत ती सोय आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा, प्रत्येक रायफलीला ते चालत नाही. आणि मारा सुटल्यावरही नेम क्षणभर तसाच धरून ठेवायचा.

५. दोष कुणाचा, ते टेकवून बघा

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, बसून, दहा मारा. हा ग्रुप साधारण रायफलीचा आणि छर्र्यांचा. उभ्याने मारलेला ग्रुप तुम्हा तिघांचा मिळून. स्पर्धेची चांगली एअर रायफल शिकंज्यात धरून दहा मीटरवर झाडली तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात, तेव्हा इथे मोठे धक्के सहसा बसत नाहीत. छर्रे मात्र दोन-तीन प्रकारचे आणून बघा. एका नळीला जे आवडतात ते शेजारच्या, त्याच बनावटीच्या नळीला आवडतीलच असं नाही.

आता नवी रायफल घ्यायच्या विचारात असाल तर हा हिशेब करा. रायफलीची पांग आणि माणसाची पांग सरळ बेरजेत मिसळत नाहीत, त्यांचे वर्ग मिसळतात. समजा रायफलीची पांग ३ मिमी, तुमची १० मिमी. एकत्र पांग १०९ चं वर्गमूळ, म्हणजे १०.४. आता भारी रायफल घेऊन ३ ची १ केलीत तर १०१ चं वर्गमूळ, १०.०५. सगळा खर्च साधारण ०.४ मिलिमीटरसाठी! तीच तुमची पांग ४ मिमीवर आली असेल तर गोष्ट वेगळी: आधी ५, नंतर ४.१. तेव्हा रायफल बदलण्यात अर्थ आहे. त्याआधी बदलणाऱ्यांसाठी मराठीत अंगण वाकडं असल्याची म्हण आहेच.

६. आता नॉब

दहा माऱ्यांचा ग्रुप हातात आहे, मध्य काढलाय. माझा ठोकताळा असा: मध्याची चूक सरासरी त्रिज्येच्या निम्म्याहून कमी असेल तर साईटला हात लावू नका. तेवढी चूक नुसत्या योगायोगानेही येते. दहा मारे मारूनही मध्याची खरी जागा काटेकोर कळत नाही, फक्त एका माऱ्यापेक्षा सुमारे तिपटीने चांगली कळते.

चूक त्याहून मोठी असेल तर एका क्लिकला मारा किती सरकतो ते स्वतः मोजा. एक ग्रुप मारा, दहा क्लिक फिरवा, दुसरा मारा, दोन्ही मध्यांमधलं अंतर भागिले दहा. समजा अर्धा मिमी आला. मग ३२वालीला १६ क्लिक उजवीकडे आणि १२ खाली. दिशेची खात्री असेल तर एकदम फिरवा, दोनदोन क्लिक करत चाचपडू नका.

दुर्बीण लावलेल्या रायफलीत क्लिक कोनात दिलेला असतो. एक मिनिट कोन (एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी, ५० मीटरवर १४.५ आणि दहा मीटरवर २.९. पाव मिनिटाचा क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी सरकवतो, ५० मीटरवर त्याच्या निम्मं.

दिशेच्या बाबतीत दोन खड्डे आहेत. मागची साईट, मारा जिकडे न्यायचाय तिकडेच सरकते. पुढची साईट उलट. दुसरा खड्डा जास्त खोल. जर्मन पद्धतीच्या साईटवर ‘एच’ आणि ‘टी’ अशी अक्षरं असतात, उंच आणि खाली या अर्थाची. ती मारा कुठे *गेलाय* ते सांगतात: मारा वर गेला असेल तर ‘एच’कडे फिरवा, तो खाली येईल. इतर कित्येक साईटवर बाण मारा जिकडे *न्यायचा* ती दिशा दाखवतो. मी एकदा सोळा क्लिक उलट फिरवले आणि मारे काळ्यातून पांढऱ्यात नेऊन ठेवले. चार क्लिक फिरवून दोन मारे मारा, दिशेची खात्री करा, मग उरलेले.

७. पुन्हा तपासा आणि लिहून ठेवा

दुरुस्तीनंतर आणखी एक ग्रुप मारा. मध्य हलायला हवा, आकार तसाच राहायला हवा. आकारही बदलला तर साईटपलीकडचं काहीतरी बदललंय.

वहीत एका ग्रुपला एक ओळ पुरते: तारीख, अंतर, पोझिशन, छर्र्यांचा लॉट, माऱ्यांची संख्या, मध्य, आकार, सरासरी त्रिज्या, फिरवलेले क्लिक. कागद फेकू नका, मागे तारीख घालून ठेवा. ‘कुठे’ रोज थोडं बदलतं, प्रकाशाने, जाकिटाने, चष्म्याने. म्हणूनच स्पर्धेत मोजणीचे मारे सुरू होण्याआधी तयारी आणि चाचणीच्या माऱ्यांसाठी वेगळा वेळ देतात. त्या वेळात फक्त ‘कुठे’ सोडवता येतं. ‘केवढा’ तुम्ही घरून घेऊन आलेले असता.

जाता जाता, या दोन प्रश्नांत न बसणारा एक तिसरा: टार्गेट कुणाचं? २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या (झोपून, गुडघ्यावर आणि उभ्याने मारायच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स आघाडीवर होता. शेवटचा मारा त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. गुण शून्य, आणि सुवर्णाच्या उंबरठ्यावरून तो थेट आठवा. तेव्हा पहिला छर्रा भरण्याआधी टार्गेटवरचा आकडा आणि आपल्या लेनचा आकडा एकदा मोठ्याने वाचा.